रेवाचे तळवे आणि माझं कुंकवाचं कापड

मंडळी, तुम्ही स्वतःचे तळवे कधी नीट बघितलेत का?

आज सकाळी आमच्या चार वर्षांच्या रेवाला जवाहर नगरमधल्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. चालताना ती सारखी अडखळते, पाय दुखले की कडेवर घ्यायला लावते.

डॉक्टरांनी तिचे पाय ओले करून तिला फरशीवर चालवलं. अख्खा तळवा उमटला, मध्ये खळगा नाहीच!

"फ्लॅट फूट है, घबराइए मत. घर में और किसके पैर ऐसे हैं?"

"कुणाचेच नाहीत," आम्ही नवरा-बायको एका सुरात.

पायाच्या बोटांनी रुमाल उचलायचा व्यायाम शिकून घरी आलो, पण मला चैन पडेना. गृहप्रवेशाला कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून मी ज्या पांढऱ्या कापडावरून चालले होते, ते सासूबाईंनी जपून ठेवलंय. ते काढून उलगडलं. लालभडक, अख्खे तळवे. माझेच!

रेवाने त्यावर पाऊल ठेवलं. "मतलब, मी तुझ्यासारखी?"

तुमच्याकडे आहेत का कुणाचे असे? आणि कुणाच्या लक्षात तरी आलं का? माझे तर त्या दिवशी सगळ्यांनी वाकून वाकून बघितले, आणि म्हणाले, लक्ष्मीची पावलं!