उलटी चाल

क्लबातल्या कपडेमावशींना फुटबॉलमधलं काय कळतं, हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण चाळीस वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. त्या जर्सी धूत, वाळवत, इस्त्री करत आणि सामन्याच्या दिवशी ज्याच्या त्याच्या खुंटीला टांगत. आता निवृत्तीला चार महिने उरले असताना मात्र सगळ्या गावाला त्यांचं मत हवं झालं होतं. मैदानाला नवा स्टँड बांधून झाला होता आणि त्याला क्लबच्या सर्वांत थोर मॅनेजरचं नाव द्यायचं होतं.

या थोरपणाने मावशींचं डोकं उठलं होतं. घरात तर चहाचा कप तोंडाला लावायची सोय उरली नव्हती. नवरा बसवर ड्रायव्हर होता, आता घरी. तो जुन्या मॅनेजरच्या, मुकेसाहेबांच्या बाजूचा. दीर रोज संध्याकाळी येऊन आताच्या लॅपटॉपवाल्या मॅनेजरची बाजू घेई.

"पाच वर्षांत दोनदा लीग जिंकलीय त्याने!" दीर म्हणे.

"आणि खेळाडू किती विकत घेतलेत? मुकेसाहेबांकडे बूट सुद्धा धड नव्हते. तरी फायनलला ती उलटी चाल! डावा पोरगा उजवीकडे, उजवा डावीकडे. आहे का कोणाची छाती?"

उलटी चाल. हे दोन शब्द ऐकले की मावशींना खरोखरच मळमळायचं.

त्यांचं स्वतःचं मत ठरलेलं होतं आणि ते कपड्यांवरून ठरलेलं होतं. लॅपटॉपवाल्याच्या काळात एकेका खेळाडूच्या पाच पाच जर्सी, शिवाय छातीला बांधायचे ते यंत्राचे पट्टे, आणि सगळं चिखलासकट ढिगात फेकलेलं. पाच वर्षांत या बाबाला मावशींचं नाव ठाऊक नव्हतं. त्याउलट मास्तर. शाळेत गणित शिकवून संध्याकाळी क्लब सांभाळणारा माणूस. चौदा वर्षांत एक कप नाही, पण तळाच्या गटातून संघ वरच्या गटात आणला त्यानेच. आणि त्याच्या काळात प्रत्येक खेळाडू आपला मोजा सुलटा करून टोपलीत टाकायचा. "मोजे उलटे टाकणाऱ्याला मी पास तरी कसा देऊ?" असं मास्तर म्हणायचे. मावशींच्या लेखी प्रश्न तिथेच मिटला होता.

आणि मुकेसाहेब? ते मॅनेजर कमी आणि कुलूप जास्त होते. संघ सुद्धा तोंडाने सांगायचे नाहीत. सकाळी मावशींच्या हातात चिठ्ठी द्यायचे, मावशी त्याप्रमाणे जर्सी टांगायच्या, आणि खेळाडू येऊन आपापली खुंटी बघायचे. खुंटीला सात नंबर असेल तर उजवी बाजू, अकरा असेल तर डावी. विचारायचं नाही, घालायची आणि पळायचं.

फायनलच्या दिवशी मावशींना कामावर लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. नोकरीही कच्चीच होती. त्या वेळच्या चिटणीसांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एक चूक झाली की घरी. सामन्याआधी सात नंबरची बाही उसवलेली दिसली म्हणून मावशींनी ती खाली काढली, अकराची कॉलर सैल होती म्हणून तीही काढली. टाके घातले, घाईघाईने परत टांगल्या, आणि टांगताना खुंट्यांची अदलाबदल झाली. एवढीच ती जगप्रसिद्ध चाल.

हे त्यांनी नवऱ्याला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी सांगून पाहिलं होतं. तो पोट धरून हसला. "म्हणजे कप तू जिंकलास म्हण की!" त्यानंतर मावशींनी विषय सोडला. राग मात्र सोडला नाही. दुसऱ्याची चूक आपली अक्कल म्हणून मिरवणारा माणूस त्यांच्या मनातून साफ उतरला होता. पुढे आठ वर्षं मुकेसाहेब क्लबात होते, आणि मावशींनी आठही वर्षं त्यांच्या ट्रॅकसूटला इस्त्री केली नाही. ते चुरगळलेल्या कपड्यांत फिरले, पण एकदाही तक्रार केली नाही. आपलं पितळ उघडं पडेल म्हणून गप्प आहेत, असंच मावशी समजत होत्या. आता तर मुकेसाहेबांना वारूनही दहा वर्षं झाली होती.

कमिटीत आठ माणसं. चालू मॅनेजरचं नाव द्यायचं नाही असा नियम निघाल्यामुळे लॅपटॉपवाला बाद झाला, आणि मतं पडली चार मास्तरांना, चार मुकेसाहेबांना. तीन बैठका झाल्या, दोघांचा रक्तदाब वाढला. शेवटी कोणीतरी म्हणालं, तिघांच्याही हाताखाली काम केलेलं माणूस एकच आहे, तिचं मत निर्णायक धरा.

मावशी ओले हात पदराला पुसत वर कमिटीपुढे गेल्या. मास्तरांचं नाव लागायला हवं असेल तर आज बोलावंच लागणार होतं.

"त्या उलट्या चालीचं कौतुक पुरे झालं," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. "ती चाल नव्हती. मी जर्सी चुकीच्या टांगल्या होत्या."

खोलीत गलका झाला. अध्यक्षांनी टेबल वाजवलं.

"मावशी, मग त्यांनी ते कबूल का नाही केलं?"

"कशाला करतील? चिटणीस लालबुंद होऊन खेळाडूंच्या खोलीत आले, म्हणाले, 'हा घोळ कोणी घातला?' मी टॉवेल घेऊन तिथेच उभी. म्हटलं सांगून टाकावं, तोंड उघडलं, तर मुकेसाहेब मध्येच म्हणाले, 'मी.' झालं! सगळं श्रेय एका अक्षरात खिशात. मोजे उलटे टाकणारा परवडला, पण हे असलं..."

कोपऱ्यात बैठकीची नोंद घेणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मान वर केली. "हे मॅच संपल्यावर ना, मावशी?"

"नाही हो. मध्यंतराला."

"तेव्हा स्कोअर किती होता?"

"दोन-शून्य."

"आपले दोन?"

"आपले कुठले? त्यांचे. आपले तीन गोल नंतर झाले ना, शेवटच्या..."

मावशी थांबल्या. बाईंचं पेनही थांबलं.

आपण हरत होतो. चिटणीस माणूस शोधत होते तो शाबासकी द्यायला नव्हे. त्या घटकेला त्या एका अक्षरात कसलं श्रेय होतं? होती ती फक्त नोकरी जाण्याची पाळी, आणि ती कोणाची होती, हे तेव्हा खेळाडूंच्या त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

मास्तरांच्या बाजूचे चौघेही टेबलाकडे बघत बसले. कोणीतरी मावशींना खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. त्यांना रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही त्यांना भयंकर राग येत होता.

"मावशी," अध्यक्ष हळूच म्हणाले, "मग नाव कोणाचं?"

"आठ वर्षं," मावशी म्हणाल्या. "आठ वर्षं रोज माझ्या दारावरून जायचा तो माणूस. मी तोंड फिरवायची. एकदा, एकदा तरी सांगायला काय झालं होतं मेल्याला!"

मग त्यांनी डोळे पुसले आणि बाईंच्या वहीकडे बोट केलं.

"लिहा त्याचंच."