कॅसरोलच्या किमतीची कल्पना

कोणत्या धंद्यात माणसाच्या कल्पनेला किती मोल असतं, याची यादी सरांनी पडद्यावर दाखवली. सगळ्यात वर औषधं, मग सॉफ्टवेअर, मग सिनेमा. पोलाद अगदी तळाला. "पोलादात किंमत खनिजाची आणि भट्टीची. डोक्याची फारशी नाही," सर म्हणाले. भिलाईत, निम्म्या वर्गाचे बाप पोलादात असताना, हे बोलायला धाडसच लागतं. आम्ही मात्र ते इमानदारीने वहीत उतरवून घेतलं.

मला बाबांची पट्टी आठवली. बाबा एका खासगी रोलिंग मिलमध्ये आहेत. तिथे थंड व्हायला पडणाऱ्या सळया एकमेकींवर चढायच्या आणि काम थांबवून त्या सोडवाव्या लागायच्या. बाबांनी भंगारातली एक पट्टी वाकवून तिथे बसवली, तेव्हापासून सळया सुट्या पडू लागल्या. सूचनापेटीत टाकायचा फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून तो सुपरवायझरने भरून दिला. नावाच्या रकान्यात त्याने सवयीने स्वतःचं नाव घातलं. त्याला बढती मिळाली. बाबांना 'सहकार्याबद्दल' पोळ्या ठेवायचं एक कॅसरोल मिळालं.

मी सेमिनारला हाच विषय घेतला. सरांना माझा लेख इतका आवडला, की त्यांनी तो एका परिषदेला पाठवायचं ठरवलं. त्यांनी टाईप करून आणलेल्या प्रतीवर पहिलं नाव त्यांचं होतं. दुसरं विभागप्रमुखांचं, जे तेव्हा रजेवर होते. तिसरं माझं. कामगारांच्या कल्पना दुसऱ्यांच्या नावावर कशा जातात, असा तो लेख.

"सर, बाबांचं नाव?" मी कसंबसं विचारलं.

"त्यांनी यात एक ओळ तरी लिहिली आहे का? उद्या सही करून आण."

घरी बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "कावून रडून राहिली? तुहा तिसरा नंबर तं आला. माहा नंबरच नोता." मग म्हणाले, "भेटते काय याच्यात?"

"प्रमाणपत्र."

"मंग माहं बरं होतं. त्याच्यात पोया तरी राह्यते."

आई हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सही न करताच कागद परत केला. पहिलं नाव बाबांचं असेल तरच सही करीन, एवढं वाक्य मी रस्ताभर घोकलं होतं. तोंडातून त्यातलं अर्धंच निघालं, पण सरांना समजलं. लेख गेला नाही. सेमिनारला मी काठावर पास झाले.

यंदाच्या वर्गालाही सरांनी तीच यादी दाखवली म्हणे. पोलाद अजून तळालाच आहे.