पाऊलमास्तरांचं नाव

पाऊलमास्तर एकतीस वर्षं सिनेमात चालले, पण पडद्यावर एकदाही दिसले नाहीत. चालायची नायिका, पावलं मास्तरांची. पळायचा चोर, धाप मास्तरांना. स्टुडिओच्या तळघरात त्यांची खोली होती. तिच्या जमिनीत चौकोन पाडलेले, एकात फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात वाळू, एकात खडी. भिंतीला लागून जुन्या चपला-बुटांचं कपाट. समोरच्या पडद्यावर मुकं चित्र सुरू झालं, की शहाण्णव किलोचे, झुबकेदार मिशांचे मास्तर उंच टाचांच्या सँडल चढवून जागच्या जागी टकटक चालू लागायचे. नव्याने बघणाऱ्याला हसू आवरायचं नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्याला मात्र त्या नायिकेची काळजी वाटायची.

मास्तरांच्या मनात एकच सल होता. शेवटी पडद्यावर जी नावं सरकतात, त्यांत त्यांचं नाव कधी आलं नाही. आवाजाच्या कामाखाली फक्त स्टुडिओचं नाव द्यायचं, असा नियमच होता. हे दुःख गिळूनही टाकलं असतं, पण मेहुणा गिळू देईल तर ना! तो प्रत्येक सिनेमाला थिएटरात शेवटपर्यंत थांबायचा आणि घरी येऊन सांगायचा, "भाऊजी, जनरेटरवाल्याचं नाव आलं. कुत्रा सांभाळणाऱ्याचं आलं. कुत्र्याचंसुद्धा आलं. तुमचं तेवढं राहिलं वाटतं."

आता तर कॉम्प्युटरमध्येच हजारो पावलं तयार मिळू लागली होती. खोलीला आठवडेच्या आठवडे कुलूप असायचं आणि मास्तर दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. म्हणजे नाव आता यायचं नाही, हे त्यांनी मनाशी जवळजवळ मान्य केलं होतं. अशा वेळी ते दोघं आले.

एक सिनेमावाली, एक आवाजवाला, दोघंही तिशीच्या आतबाहेर. सिनेमावाली बोलण्याआधी इतका विचार करायची, की समोरच्याचा चहा पिऊन व्हायचा. आवाजवाल्याच्या गळ्यात मोठाले हेडफोन. त्याने याआधी एका फ्रिजचा आवाज सलग अकरा तास रेकॉर्ड करून लोकांना ऐकवला होता.

"कोणी बसलं का ऐकायला?" मास्तरांनी विचारलं.

"चौघं बसले. त्यातला एक फ्रिज दुरुस्त करणारा होता. शेवटी म्हणाला, गॅस भरायला झालाय."

त्यांच्या सिनेमात एक बाई जिना चढून चौथ्या मजल्यावर जाते. तेवढंच. त्याला बावीस मिनिटं लागतात.

"गुडघे दुखतात का हो तिचे?"

"नाही काका," सिनेमावाली बऱ्याच वेळाने म्हणाली, "ती वेळ चढतेय."

मास्तरांनी मान डोलावली. एकतीस वर्षं स्टुडिओत काढलेला माणूस कशालाही मान डोलावतो. मग त्यांनी हळूच विचारलं, "स्टुडिओचं नाही, माझं नाव येईल का?"

"अर्थात!" दोघं एका सुरात म्हणाले. त्यानंतर त्या दोघांचं एकमत असं फारसं झालंच नाही.

मास्तरांनी बायकोला सांगितलं, बायकोने भावाला, आणि संध्याकाळपर्यंत सिनेमाच्या पहिल्या खेळाला चौदा नातेवाईक येणार हे ठरून गेलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चित्र एकदा नीट पाहिलं, सपाट तळाच्या चपला निवडल्या आणि सुरुवात केली. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, मधले तीन थांबे, एका ठिकाणी चप्पल सैल होते ती जागा, सगळं टिपून घेतलं. केसभर इकडेतिकडे नाही. एरवी टाळ्या पडल्या असत्या. सिनेमावालीने कपाळावर हात मारला.

"काका, जुळतंय."

"जुळणारच. मग?"

"जुळायला नकोय."

आवाजवाल्याने समजावलं. डोळ्यांना एक माणूस दिसला पाहिजे आणि कानांना दुसराच ऐकू आला पाहिजे. दोघांनी एकाच जिन्यावर असावं, पण एकमेकांची ओळख नसावी. "ओळख झाली, की तो साधा सिनेमा होतो," असं तो म्हणाला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दूध नासल्यावर येतो तसा भाव होता.

म्हणजे आता मास्तरांनी चुकायचं होतं, आणि तिथेच घोडं अडलं. त्यांनी मुद्दाम सावकाश चालून पाहिलं, तर बरोबर निम्मा वेग पडला आणि प्रत्येक दुसरं पाऊल जुळलं. पडद्याकडे पाठ केली, तर तोवर बाईची चाल पाठ झाली होती. चित्र बंद केलं, तरी पाय ऐकेनात. नंतर चित्राशी लावून पाहिलं, तर तंतोतंत! बुटांची अदलाबदल झाली, वाळू झाली, खडी झाली. तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या नाकी नऊ आले आणि त्या दोघांत जुंपली. सिनेमावाली म्हणे, हा जुन्या पद्धतीचा माणूस तूच आणलास. आवाजवाला म्हणे, तुझ्या बाईची चालच पाठ होण्यासारखी आहे. मग दोघं मास्तरांमार्फत बोलू लागले. "काका, त्याला सांगा, मी चहाला जातेय." "काका, तिला सांगा, मलापण आण."

निघताना सिनेमावाली फार सौम्यपणे म्हणाली, "काका, उद्या नाही जमलं तर आम्ही दुसरं कुणीतरी बघतो. ज्याला हे काम येत नाही असं."

त्या संध्याकाळी मास्तरांना जेवण गेलं नाही.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"मला चुकता येत नाही."

बायको खळखळून हसली. "घरी तर छान जमतं!" पण नवऱ्याचा चेहरा पाहून तिने हसू आवरलं, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही तिच्यासारखं चालताय म्हणून जुळतंय. तुमच्यासारखं चाला ना."

मास्तरांनी आपल्या पायांकडे पाहिलं. ते नायिकांसारखे चालले होते, पोलिसांसारखे चालले होते, एकदा तर दोन घोड्यांसारखे चालले होते. आपण स्वतः कसे चालतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"मला ठाऊक आहे," बायको म्हणाली. "डावा पाय घासता. तीन पावलं झाली की थांबता, काहीतरी विसरल्यासारखे. आणि खरंच काहीतरी विसरलेले असता. एकतीस वर्षं दाराआडून ऐकतेय, मला नाही कळणार?"

दुसऱ्या दिवशी ती पिशवीत त्यांच्या घरच्या झिजलेल्या स्लिपर घेऊन स्टुडिओत हजर झाली. स्टुलावर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "हं, कामावरून घरी या."

मास्तर निघाले. डावा पाय घासला. तीन पावलं, थांबा. खिसे चाचपले, किल्ली खुळखुळली, एक उसासा, थोडा खोकला, पुन्हा पावलं. पडद्यावर ती बाई आपल्या तंद्रीत चढत होती आणि कानांत एक थकलेला, वजनदार माणूस घरी चालला होता. दोघांची एकदाही गाठ पडली नाही. बावीस मिनिटं संपली तेव्हा सिनेमावालीचे डोळे भरून आले होते.

"झालं," ती आवाजवाल्याला म्हणाली. थेट त्याला.

"झालं," तोही म्हणाला.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच विचारलं, "नावं कुठल्या अक्षरात येणार?"

इथे नवीनच भानगड निघाली. सिनेमावालीच्या चित्रावर एकही अक्षर उमटणार नव्हतं. तिचं ते तत्त्व होतं. "मी नाव येईल म्हणाले होते, लिहिलेलं येईल असं नव्हते म्हणाले." आवाजवाला चिडला, शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी तोडगा निघाला. शेवटी पडदा काळा करायचा आणि तिघांची नावं बोलायची. कुणाच्या आवाजात? आवाजवाल्याने स्टुलावर बसलेल्या मास्तरांच्या बायकोकडे बोट दाखवलं.

तिला कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. मास्तरांच्या श्वासाचा आवाज येतो म्हणून त्यांना बाहेर काढण्यात आलं.

"नीट वाचलंस ना माझं नाव?" ती बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"पहिल्यांदा घोटाळा झाला. दुसऱ्यांदा अगदी स्पष्ट वाचलं."

खेळाला बत्तीस खुर्च्या होत्या. चौदा खुर्च्यांवर नातेवाईक बसले, उरलेल्या अनोळखी लोकांनी भरल्या. मास्तर इस्त्रीच्या शर्टात, शेजारी बायको, तिच्यापलीकडे मेहुणा कान टवकारून. बाई जिना चढली. नवव्या मिनिटाला एक चुलत सासरे घोरू लागले, तेव्हा आवाजवाला समाधानाने हसला. मग पडदा काळा झाला आणि मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

बायकोच्या आवाजात आधी सिनेमावालीचं नाव आलं, मग आवाजवाल्याचं. मग "पावलं..." आणि ती थांबली. कागदाची सळसळ. "अगं बाई, हे तर... आमचे हे." मागोमाग बारीकसं हसू. सिनेमा संपला.

आवाजवाल्याने दुसऱ्यांदा वाचलेलं सरळ टाकून दिलं होतं. त्यांच्या धंद्यात चुकलेलंच जपून ठेवतात.

दिवे लागले. मास्तरांचा चेहरा उतरला होता. एकतीस वर्षं थांबले, आणि जे नाव यायचं ते पुन्हा नाहीच आलं! त्यांना राग आला, रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

"मी दुसऱ्यांदा नीट वाचलं होतं हो," बायको रडवेली होऊन म्हणाली. मेहुण्याने तोंड उघडलं आणि तिच्याकडे पाहून, आयुष्यात पहिल्यांदा, मिटलं.

मास्तर तिरमिरीत उठले आणि आवाजवाल्याला गाठायला दाराकडे निघाले. डाव्या पायाचं घासणं ऐकून वाटेत छत्रीवाले एक गृहस्थ आडवे आले.

"माफ करा, तुम्हीच का ते 'आमचे हे'?"

मास्तरांनी मान डोलावली. "हो," ते म्हणाले.

"आमचे वडील असेच घरी यायचे." त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यांच्यामागे एक आजीबाई होत्या, आजीबाईंमागे दोन मुली. "आमचे हे कुठेत?" असं कुणीतरी मागून विचारत होतं. "हे काय, हे आमचे हे!" मेहुणा खुर्चीवर चढून ओरडला. "माझे भाऊजी!"

लोकांच्या गराड्यात मास्तर रस्त्यापर्यंत कधी आले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. निरोप घेऊन ते ऐटीत घराकडे निघाले. डावा पाय घासला. तीन पावलं झाली आणि ते थबकले. खिसे चाचपले. किल्ली होती, चष्मा होता.

मग गर्रकन वळून धावत सुटले.

बायको हॉलच्या दारातच उभी होती, पिशवी सावरत.

"तीन पावलं ऐकली," ती म्हणाली. "म्हटलं, आता येतीलच."