आत वळलेली रेघ

२०१० साल. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो आणि नोकरीची दोन वर्षं उरली होती. खून पाहिले, दरोडे पाहिले, विसर्जनाच्या बंदोबस्तात उभं राहून पोटऱ्यांचे दगड झालेले पाहिले. त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण दुपारी जेवून खुर्चीत डोळा लागायला लागला, की आजही मला एक दगडी पायरी दिसते. तिच्यावर कुणीतरी न बोलता पांढरी रेघ सोडत असतं. रेघ पुढं पुढं जाते, संपत नाही, आणि मी जागा होतो.

त्या रेघेची ही हकिगत आहे. नाव कुणाचंच घेणार नाही.

मी सातवी पास. पुढं शाळेचं तोंड पाहिलं नाही. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार झालो तो स्वतःच्या पायांवर. नारायण पेठेच्या बाजूची चौकी माझ्याकडे होती. थंडी नुकती पडायला लागली होती. सकाळची हजेरी घेऊन मी चहा घेत होतो, तोच कर्वेनगरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक अर्ज घेऊन आले. काखेत गुळगुळीत कागदाचं जाड पुस्तक.

तरुण पोरापोरींनी नोकरीच्या मागं न लागता स्वतःचा धंदा काढावा, म्हणून कितीतरी देशांत एकाच वेळी चाललेली एक मोहीम होती. पुण्यात तिचं काम हे प्राध्यापक बघत. मोहिमेचं एक चिन्ह होतं. एक गोल, गोलात अर्धं उघडलेलं दार, आणि दारातून बाहेर जगाकडे निघालेली एक रेघ. रंग उगवत्या उन्हाचा.

"अहो, आमच्या चिन्हाचा गैरवापर चाललाय," प्राध्यापक म्हणाले. "तुमच्या हद्दीत, दुकानांच्या दारात. आमच्या परदेशी पाहुण्या बाईंनी सकाळी गाडीतून जाताना स्वतः पाहिलं. आणि नुसता वापर नाही, चिन्ह उलटं केलंय. रेघ दारातून बाहेर जायची, ती आत वळवलीय. म्हणजे काय? तरुणांनो, घरी बसा! हा मोहीम बदनाम करायचा डाव आहे. गुन्हा दाखल करा."

"आधी चौकशी होईल. हे पुस्तक कसलं?"

"चिन्हाची नियमावली. ते कसं वापरायचं, कसं नाही, सगळं यात आहे."

"वाचून दाखवा."

"इंग्रजीत आहे."

"म्हणूनच वाचून दाखवा म्हटलं. मराठीत."

त्यांनी ओठाच्या कोपऱ्यातून हसून विचारलं, "आपलं शिक्षण?"

"सातवी. तुमचं?"

"पीएच.डी."

"मग तुम्हाला जमेल."

माझा हट्ट माझ्या साहेबांनाही माहीत होता. ज्या नियमाखाली कुणाला धरायचं तो नियम मला कळल्याशिवाय मी कलम लावत नाही. प्राध्यापक वाचू लागले. चिन्हाभोवती मोकळी जागा सोडावी, तिथं काहीही येऊ देऊ नये. चिन्ह ताणू नये, तिरकं करू नये. उलटं फिरवू नये. त्याच्यावर सावली पाडू नये. पायाखाली येईल अशा ठिकाणी ते ठेवू नये. दुसऱ्या कुठल्या चिन्हाला ते चिकटवू नये. परवानगीवाचून कुणी वापरू नये.

ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. मी डोळे मिटून ऐकत होतो. मला ती नियमावली न वाटता एखाद्या देवघराचं सोवळं वाटत होतं. त्यांना वाटलं मी झोपलो.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. खाकीलाही असंच असतं. टोपी किती कलती, पट्टा किती रुंद, बिल्ला कुठं. तुमची माणसं शहाणी आहेत."

ते जरा सरळ बसले. मग त्यांनी घाई का आहे ते सांगितलं. त्याच आठवड्यात मोहिमेसाठी पुण्यातून एकाची निवड होणार होती. ज्याची होईल, तो आपलं काम घेऊन परदेशात मोठ्या मेळाव्याला जाणार. निवड त्या पाहुण्या बाई करणार, आणि त्याच बिथरल्या होत्या.

अर्जाची नोंद घेतली आणि दुपारी दोन पंच घेऊन पंचनाम्याला निघालो. पेठेत पाहिलं तर चिन्हाचा पत्ता नाही. शटरवर नाही, भिंतीवर नाही, पाटीवर नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तेच. रंग नाही, खरवडल्याची खूण नाही. उन्हात पायऱ्या स्वच्छ पडलेल्या. पंच माझ्याकडे बघत, मी पायरीकडे बघत. मला वाटू लागलं, ते चिन्ह बाईंना स्वप्नात दिसलं असेल, आणि आता ते मलाही दिसायला लागेल.

दुकानदारांना विचारलं.

"चिन्ह?" एक भांड्यांचा व्यापारी म्हणाला. "चिन्ह नाही बुवा. खड्डा आहे समोर. त्याची तक्रार घेता का?"

शेजारचा स्टेशनरीवाला म्हणाला, "आमच्या दारात फक्त गिऱ्हाईक येतं. तेही तुम्ही उभे राहिल्यापासून आलेलं नाही."

पोलीस आला की पेठेतला माणूस आंधळा होतो, हे मला नवं नव्हतं. पण सगळे एकदम आंधळे झाले, म्हणजे समजावं की ते कुणाला तरी पाठीशी घालताहेत.

खबर दिली ती फोटोफ्रेम करणाऱ्या चाचांनी. चाचांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्याचं. मराठी माझ्याहून शुद्ध, आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार. मला हाक मारून म्हणाले, "फौजदारसाहेब, आपण रोज दुपारी येऊन पायऱ्या तपासता. पायऱ्या विकत घ्यायच्यात का?"

"चाचा, माहीत असेल ते बोला."

"बोलतो. पण पोरीला दमात घ्यायचं नाही."

"कुठली पोर?"

"सकाळी या. आपण येता त्याच्या आधी शंभर पाय पडलेले असतात आणि पाणी मारलेलं असतं. दुपारी कुणाला सापडायची ती?"

"कोण?"

"रांगोळी," चाचा म्हणाले आणि काच कापायला लागले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता साध्या कपड्यांत गेलो. बरोबर एक महिला शिपाई. नदीकडून धुकं आत आलं होतं. कोपऱ्यावर पेपरवाले गठ्ठे सोडत होते, दुधाच्या कॅनचा आवाज कुठूनतरी येत होता, पण सगळं पाण्याखाली चालल्यासारखं. बंद शटरांपुढे एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी उकिडवी बसली होती. चिमटीतून रांगोळी सुटत होती, आणि हात हलतोय असं वाटत नव्हतं. रेघच आपली पायरीवर उमटत होती. आधी गोल, मग दार. मग केशरी रंग भरला. मग रेघ दारातून आत नेली, शेवटी हळदीकुंकवाची चिमूट. मी धरायला आलो होतो आणि धरायचं विसरून उभा होतो. महिला शिपाईनं कोपर मारलं तेव्हा भानावर आलो.

पुढची पायरी चाचांची होती. तिथं तिनं चिन्ह न काढता गुलाबाचा वेल काढला. चाचांना फुलंच लागत. तो पुरा होऊ दिला, मग पुढं झालो.

मुलगी मांजरी गावची. पहिल्या बसनं यायची, पेठेतल्या दुकानांपुढे रांगोळ्या काढायची आणि परत जायची. महिन्याच्या बोलीवर, हा तिचा धंदा. चौकीत बाकावर बसली ती रंगाचे डबे मांडीवर घट्ट धरून.

"कुणाच्या सांगण्यावरून हे चिन्ह काढतेस?"

"कुनाच्या न्हाई."

"खरं बोल. कुणीतरी सांगितलंय."

"सांगितलं बी हाय."

आवाज चढवला की ती मान खाली घाली. मी आयुष्यभर पाहिलंय, खोटं बोलणारा माणूस लगेच बोलतो, अडखळतो तो खरा. मी चहा मागवला आणि नुसता बसून राहिलो. चहा निवल्यावर तीच बोलली.

"सायेब, गुन्हा घालायचा तर परवा घाला. उद्या माझा नंबर हाय."

"कसला नंबर?"

"कर्वेनगरला. परदेशी बाई निवडनार हायेत त्यात माझं नाव हाय."

महिला शिपाईनं माझ्याकडे पाहिलं. मोहिमेनं ज्या उमेदवारांना निवडीपर्यंत आणलं होतं, त्यातलीच ही एक होती, आणि गुन्हा नोंदवला की तिचं नाव कटणार होतं.

"मग त्यांचंच चिन्ह का बिघडवलंस?"

"बिघडवलं न्हाई! सरांनीच सभंत सांगितलं, हे चिन्ह दारोदारी पोचवा म्हनून. मी पोचवलं."

"आणि रेघ आत का वळवली?"

तिनं प्रथमच मान वर केली. मलाच काही कळत नाही अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. "मग काय भायेर काढू? दुकानाच्या दारातनं भायेर जानारी रेघ? लक्षुमी आत येती सायेब. भायेर जाताना काढली तर मालक झाडूनं हानतील मला."

महिला शिपाई तोंडाला पदर नसल्यामुळे फाईल लावून हसली. मला मात्र हसू आलं नाही. माझी बायको जाऊन तेव्हा चार दिवाळ्या झाल्या होत्या. लक्ष्मीपूजनाला ती उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पावलं काढायची. सगळी आत जाणारी. त्या बाकावरच्या पोरीसमोर मला ती पावलं एकेक करून दिसायला लागली, ओली, पांढरी, अंगठ्यांचे ठिपके आतल्या बाजूला.

दुपारी प्राध्यापक आणि परदेशी बाई आल्या. मुलीला पाहून प्राध्यापक चपापले. "ही? ही तर आमचीच उमेदवार!"

"हो. डाव तुमच्याच घरातला निघाला. सर, तुमच्याकडे लक्ष्मीपूजनाला पावलं काढतात?"

"काढतात. त्याचं काय?"

"कुठल्या तोंडाची?"

"अर्थातच आत—" ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले. बाई विचारायला लागल्या, तेव्हा त्यांनी इंग्रजीत बराच वेळ समजावलं. बाईंनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा चौकीच्या उंबऱ्याकडे, आणि हळू आवाजात काही बोलल्या.

"बाई म्हणतात, वाईट हेतू नव्हता हे पटलं. पण नियम आहे. चिन्ह जमिनीवर नको, उलटं नको, परवानगीवाचून नको."

"न्हाई काढनार," मुलगी म्हणाली. "मला कमळं येत्यात, वेल येत्यात. त्याच्यावाचून अडलं न्हाई माझं."

प्राध्यापक म्हणाले, "ठीक. तक्रार मागे घेतो. हिचं नाव ठेवायचं का नाही, ते समिती बघेल."

"मग मागे घेऊ नका," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"चौकशी पुरी करतो. पहिला जबाब तुमचा. सभेत दारोदारी पोचवा म्हणालात तेव्हा 'परवानगी घेऊन' म्हणाला होतात का, तेवढंच लिहून घेतो. बाईंना भाषांतर करून सांगा."

त्यांनी भाषांतर केलं नाही. नाव राहील असं लिहून दिलं, खाली सही केली. मात्र जाताना दारात थांबले, आणि या वेळी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "फौजदार, नाव राहीलही. पण उद्या प्रत्येकाला आपला धंदा चालतो हे दाखवावं लागणार. कुणी यंत्र आणणार, कुणी माल आणणार. ही काय दाखवणार?"

सगळे मुलीकडे बघू लागले.

"दाखवायला काय न्हाई," ती म्हणाली. "दुपारपर्यंत पुसतंच ते."

ती डबे उचलून मांजरीच्या बसला गेली. मी तिथंच बसून राहिलो. खाकी अंगावर चढवली तेव्हापासून मी मानत आलो होतो, की बिल्ला नीट लावला की काम झालं. चिन्हाचे नियम पाळावेत, हे मी आजही म्हणतो. पण त्या दिवशी मला कळलं, की चिन्हाला किंमत येते ती ज्यांच्या दारात ते रोज सकाळी लागतं त्या माणसांमुळे. पायरी पुसली जाते, माणूस राहतो. आणि पुसून गेलेल्या गोष्टीचा पुरावा कसा उभा करायचा, ते प्राध्यापकांना माहीत नसेल, मला माहीत होतं. माझी सगळी हयात त्यातच गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूर्ण गणवेश चढवला, स्टेशन डायरीत 'चौकशीकामी कर्वेनगरला रवाना' अशी नोंद केली आणि चौकीची मोठी गाडी काढली. नारायण पेठेत गेलो आणि ज्यांनी ज्यांनी मला 'चिन्ह नाही बुवा' म्हणून सांगितलं होतं त्या सगळ्यांना गाडीत बसवलं. भांडीवाला "दुकान कोण उघडणार?" म्हणून ओरडला. स्टेशनरीवाल्यानं वकिलाला फोन लावला. चाचा न बोलावताच टोपी घालून पुढच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "खिडकी माझी."

धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. गाडी त्यातून तरंगत गेल्यासारखी कर्वेनगरला पोचली. कॉलेजच्या फाटकावर बिल्ले लावलेल्या एका विद्यार्थिनीनं गाडीच्या जाळीतून आत डोकावून पाहिलं आणि घाबरून विचारलं, "साहेब, एवढे आरोपी इथं कशाला आणलेत?"

"आरोपी नाहीत," मी म्हणालो आणि मागचं दार उघडलं. "आत जाऊन सांगा, मांजरीच्या मुलीची गिऱ्हाइकं आलीत."