साडूभाऊंच्या कानातले खडे

आमच्या साडूभाऊंइतका दुर्दैवी माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा नाही. हे माझं मत नव्हे. ते स्वतःच सांगतात, आणि इतक्या अभिमानाने सांगतात की ऐकणाऱ्याला आपल्या किरकोळ सुखांची लाज वाटावी. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, शहाद्यात वायरमन. मी लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवतो म्हणून मला ते 'सर' म्हणतात, तेही हळहळल्यासारखं. पपईचा भाव पडला की त्यांचं नशीब फुटकं आणि चढला तरी फुटकं. वास्तविक त्यांना शेती नाही आणि पपई ते खात नाहीत. फक्त एका जागी हे दुर्दैव त्यांचा पाठलाग सोडायचं, ती जागा म्हणजे विजेच्या खांबाचं टोक. वर पोचले की चेहराच बदलायचा. शीळ घालत तारा जोडायचे, साऱ्या गल्लीवर नजर ठेवायचे आणि मधूनच ओरडायचे, "मावशी, तुन्हा पापड कावळा ली गया!" खाली उतरले की पुन्हा तेच लांबट तोंड.

दोन वर्षांपूर्वी, मार्चातल्या एका सकाळी, त्यांनी खाटेवर कूस बदलली आणि घर फिरलं. आधी भिंत गेली, मग तिच्यामागून कपाट गेलं, मग छताचा पंखा बंद असून निघाला. साडूभाऊ लुंगी सावरत, भिंतीला धरत दारात आले आणि त्यांनी आरोळी ठोकली, "पळा! भूकंप व्हयी ऱ्हायना!" गल्ली रिकामी झाली. म्हाताऱ्यांना उचलून आणलं, कोणी गॅस बंद केला, कोणी म्हैस सोडली. दहा मिनिटं सगळे रस्त्यावर उभे राहिले आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा ओट्यावर डोकं धरून बसलेल्या एकाच माणसाकडे वळल्या. "तुम्हनं घर नही हालनं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं. कोणाचंच हाललं नव्हतं. "देखा," ते म्हणाले, "भूकंप बी माले एकल्यालेच."

मग उपचार सुरू झाले. एकाने पित्त म्हटलं, दुसऱ्याने मणका. मणकेवाल्याने गळ्यात पट्टा घातला. तो घालून ते महिनाभर हिंडले, आणि कोणी हाक मारली की अख्खे वळायचे, जणू देवघरातली मूर्ती कोणी उचलून फिरवतं आहे. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या मोठ्या ताईंनी, मीठमोहऱ्या ओवाळल्या. पण आडवं झालं की घर फिरायचं. शेवटी ते आरामखुर्चीत बसून झोपायला लागले. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "सर, मी ते आठेच शे, या खुर्चीमा. दुनिया फिरी ऱ्हायनी."

त्यातच कोणीतरी रक्त तपासायला सांगितलं. अहवाल आला. बी-बारा कमी, आणि डी जीवनसत्त्व तर नऊ. निदान वीस तरी हवं होतं. डी उन्हातून मिळतं हे कळल्यावर त्यांना जो धक्का बसला तो भूकंपाचाही बसला नव्हता. शहाद्याचं ऊन! मे महिन्यात इथे डांबर पायाला चिकटतं. "मन्हा जनम उनमा गया," ते गदगदून म्हणाले, "नि मन्हा रगतमा ऊन नही?"

त्या दिवसापासून अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत त्यांच्याबरोबर राहू लागला. लग्नात, तेराव्याला, चक्कीवर, भेटेल त्याला ते विचारत, "तुन्हं डी कितलं शे?" बाजारपेठेतले मारवाडी शेटजी आमचे जुने ओळखीचे. तीस वर्षं ते दुकानातल्या गादीवरून हललेले नाहीत, ऊन त्यांनी फक्त काचेतून पाहिलं आहे. त्यांचं डी निघालं चौतीस. साडूभाऊ आठवडाभर त्या रस्त्याने गेले नाहीत.

शेवटी मीच त्यांना नंदुरबारला कानाच्या डॉक्टरणीकडे नेलं. साठ किलोचं वासरू तोलावं तसं त्या लहानखुऱ्या बाईंनी त्यांचं डोकं हातात घेतलं, एका बाजूला वळवलं आणि झटकन आडवं केलं. साडूभाऊंचे डोळे गरागरा नाचायला लागले. "भाऊ, सापडलं," बाई म्हणाल्या. "आपल्या कानात आत बारीक खडे असतात, तोल सांभाळणारे. तुमचे जागेवरून निसटलेत." मग त्यांनी ते डोकं सावकाश या अंगावरून त्या अंगावर फिरवलं, थांबल्या, पुन्हा फिरवलं आणि त्यांना उठवून बसवलं. साडूभाऊंनी छताकडे पाहिलं. छत जागेवर होतं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि पन्नाशी ओलांडलेला तो गृहस्थ त्या बाईंसमोर हमसून रडला.

त्यांनी डीचाही खुलासा विचारलाच. बाईंनी विचारलं, "कामावर काय घालता?" पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल. "मग भाऊ, तुम्ही उन्हात होता, पण ऊन तुमच्यापर्यंत पोचलंच नाही. गोळ्या घ्या. डी कमी असलं तर हे खडे पुन्हा निसटू शकतात."

आणि ते निसटलेच. पावसाळा संपता संपता तोरणमाळच्या रस्त्यावरच्या एका गावात तार तुटली. साडूभाऊ चढले. खाली बाया घागरी घेऊन उभ्या होत्या, कारण पंप बंद होता. टोकाशी पोचून त्यांनी मान मागे टाकली, आणि आकाश फिरलं. पुढचं मला त्यांच्या कामावरच्या जोडीदाराने सांगितलं. कमरेचा पट्टा खांबाला अडकवलेला होता म्हणून पडले नाहीत. खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे मिटून, ते तिथेच राहिले. खालून सगळे हाका मारत होते, वरून उत्तर नाही. जोडीदार चढला, एकेक पाऊल त्याने हाताने धरून खाली ठेवलं. तासभर लागला. खाली आल्यावर ते कोणाशी बोलले नाहीत. नशिबाला शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची खरी काळजी वाटली.

तेव्हापासून ते ऑफिसात तक्रारीच्या टेबलावर आहेत. फोन उचलायचा, गाव लिहायचं, दुसऱ्याला पाठवायचं. खडे डॉक्टरणीने पुन्हा बसवले. गोळ्या त्यांनी इमानाने घेतल्या. रोज सकाळी गच्चीवर बनियन काढून ते असे बसत की जणू उन्हाला चूक दुरुस्त करायची एक संधी देत आहेत. मागच्या महिन्यात नवा अहवाल आला. मी बरोबर होतो. डी अडतीस. शेटजींपेक्षा चार जास्त! मला वाटलं, आता पेढे. लॅबच्या जिन्यात ते अहवाल हातात घेऊन पायरीवर बसले.

"आता चढा की," मी म्हणालो. "सगळं नीट झालं."

"सर, रगत नीट शे. कान बी नीट शे." मग अगदी हळू, "पन माले भ्याव लागस."

इतके दिवस त्यांच्या प्रत्येक दुःखावर माझ्याकडे काहीतरी थट्टा असायची. त्या वेळी मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.

आम्ही खाली रस्त्यावर आलो आणि नेमके दिवे गेले. रसवंतीचं चाक थांबलं, दुकानदार बाहेर आले. समोरच डीपीचा खांब होता. साडूभाऊंची मान सवयीने वर निघाली आणि अर्ध्यात थांबली. ते जमिनीकडे बघू लागले.

"काय दिसतंय ते सांगू का?" मी विचारलं.

जमिनीकडे बघतच ते म्हणाले, "तीन तारा शेतस ना? मधली देखा."

मी वर पाहिलं. ऊन डोळ्यांत जात होतं. मधली तार खांबापाशी काळी पडली होती, तिचं टोक सुटून लोंबत होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी फोन लावला आणि जोडीदाराला काय झालंय, कोणतं सामान आणायचं, लाइन कुठून बंद करायची, सारं एका दमात सांगितलं. आवाज जुना, खांबाच्या टोकावरचा होता. फोन ठेवून त्यांनी माझा दंड धरला.

"आनि उजवीकडे, सर? उजवीकडे काय दिसस?"

तिकडे काहीच बिघडलेलं नव्हतं. तारा होत्या, त्यांच्यावर दोन साळुंक्या होत्या, आणि त्यांच्यामागे गच्चीवर कोणाच्यातरी कुरडया वाळत होत्या. मी ते सगळं, सावकाश, त्यांना सांगत राहिलो.