अकोल्यातली दोघांची खोली

परवा पुतण्याच्या मुलीनं मला एक सिनेमा दाखवला. दोन पोरांच्या प्रेमाचा. एक बंगल्यातला, एक झोपडपट्टीतला. रस्त्यात त्यांनी हातात हात धरला की लोक वळून पाहतात, शिट्ट्या मारतात. ती मधूनमधून माझ्याकडं पाहत होती, आजोबा उठून जातात की काय म्हणून. मी शेवटपर्यंत बसलो. आमच्या काळी हाताचं कोणाला काही नव्हतं, एवढंच मनात आलं.

अमरावतीला कॉलेजात असताना मी आणि माझा एक दोस्त करंगळीत करंगळी अडकवून बाजारातून हिंडायचो. सगळीच पोरं हिंडायची. तो शेंदूरजनाघाटचा, संत्र्याच्या बागा असलेल्या घरचा. माझा बाप जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचा, आणि छप्पन साली आम्ही घरातले देव नदीत सोडून बौद्ध झालो होतो. आमच्या अख्ख्या वस्तीत बी.ए. झालेला मी पहिला. हे मी कुठंही सांगतो. माझं त्याच्यावर प्रेम होतं आणि त्याचं माझ्यावर, हे मात्र पहिल्यांदा लिहितो आहे.

मला अकोल्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली. त्यानं तिथल्याच शेतकी कॉलेजात नाव घातलं. का, ते मला माहीत होतं. दोघांत एक खोली घ्यायची, एवढंच ठरवलं होतं. बिनलग्नाची दोन पोरं एका खोलीत राहतात, यात कोणाला काय दिसणार?

निघायच्या आधी आम्ही एक सिनेमा पाहिला. त्यात नावाड्याचा पोरगा जमीनदाराचा भाचा बनून हवेलीत राहतो, तिथल्या मुलीला जीव लावतो, शेवटच्या रिळात खरं बाहेर येतं आणि म्हातारा जमीनदार त्याला छातीशी धरतो. अंधारात माझ्या मांडीवर हात ठेवून हा म्हणाला, "जमलं! तू माहा आतेभाऊ."

"कोन्या आत्याचा?"

"हाय एक. तू तिच्यावरच गेला, रंगानं काया."

मी हसलो. सिनेमातली गोष्ट थेटरातच राहील असं वाटलं.

अकोल्यात खोली चांगली मिळाली. मालकीण विधवा बाई, अंगणात विहीर, वर कौलं, खिडकीतून लिंबाचं झाड. हा आदल्या दिवशी एकटाच जाऊन बोलून आला होता. मी आलो तेव्हा बाई खोली दाखवताना संकोचून म्हणाल्या, "खाट एकच हाय बाप्पा. दोघांले झोपता येईन का?"

"चालते जी काकू. भाऊ-भाऊच तर आहो," तो म्हणाला.

बाईंना ते आवडलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुमी आतेभाऊ ना? कोन्या गावचे? कोन लोक तुमी?"

आमच्या वऱ्हाडात हे विचारल्याशिवाय विहिरीचा दोर कोणी हातात देत नाही. राग यायचं कारण नव्हतं. तो माझ्याकडं पाहत होता. खोली, खाट, त्याच्या कॉलेजाची सगळी वर्षं, सगळं माझ्या उत्तरावर होतं.

"आमी बौद्ध," मी म्हणालो.

"मस्करी करते जी हा," तो पटकन म्हणाला. "याले सवयच हाय."

बाई हसायला लागल्या होत्या. मी पुन्हा सांगितलं, बापाचं काम आणि वस्ती धरून. त्यांचं हसू थांबलं. त्या वाईट बोलल्या नाहीत. "इहीर सगळ्या आळीची हाय, बाबू. मी एकटी बाई," म्हणाल्या आणि खोलीला बाहेरून कडी घातली.

रस्त्यावर आल्यावर तो भडकला. "एक शब्द गिळला असता तर काय झालं असतं? तसंही आपन लपवूनच राहनार होतो!"

"ते लपवतो ना तुह्यासाठी. आखीन काय काय लपवू?"

"सिनेमात त्यानं नाही लपवलं?"

"त्याच्या बापानं देव नव्हते सोडले."

मी मग आमच्या लोकांच्या वस्तीत खोली घेतली. ऐसपैस होती. त्याला म्हटलं, ये राहायला, इथं तुला कोणी काही विचारणार नाही. तो म्हणाला, "गावचं कोनी आलं तर त्याले पानी कुठं पाजू?" आणि होस्टेलात राहायला गेला.

हिवाळ्यात एका रविवारी तो घरची संत्री घेऊन आला. आम्ही उंबऱ्यावर बसलो. तो सोलायचा, एक फोड मला, एक त्याला. संत्री संपली तसा हातात हात आला. येणारे-जाणारे पाहत होते. दोन दोस्त बसलेत, एवढंच त्यांना दिसत होतं. मी उठून मडक्यातलं पाणी आणलं.

"राहू दे," तो म्हणाला. "संत्री खाल्ली ना आत्ता. तहान नाही."

तांब्या काही वेळ माझ्या हातातच होता. मग मी तो खाली ठेवला, त्याला चौकापर्यंत पोचवून आलो. पुन्हा बोलावलं नाही.