अंबूमावशीची दुसरी बॅटरी

फोन काकांचा होता. "तुझी मावशी गेली," ते म्हणाले आणि धाप लागून थांबले. "कुठं?" मी विचारलं. मला खरंच वाटलं, ती जीप घेऊन साक्कोट्टैच्या गॅरेजात गेली असणार आणि काका नेहमीसारखी तक्रार करताहेत. पलीकडून नुसती त्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू येत राहिली... तेव्हा कळलं. आजारी काका होते. मावशी अंथरुणाला खिळलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

अंबूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आमची घरं कुंभकोणमला कित्येक पिढ्यांची. दाराबाहेर तमिळ, दाराच्या आत मराठी, आणि तीही अशी जुनी की पुण्यात माझ्या तोंडून 'मज नको' निघालं की ऐकणारे हसतात. मावशी मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. काका पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. ज्या डिझेल जीपमधून त्यांनी आयुष्यभर कालवे पालथे घातले, ती लिलावात निघाली तेव्हा त्यांनीच घेतली. दर वर्षी धरणाचं पाणी सुटलं की पापनाशमजवळ कालव्याच्या दारांपाशी जाऊन नवं पाणी बघायचं, हा त्यांचा नेम. मावशी दहीभात बांधून सोबत जायची. पाणी येईपर्यंत दोघं कठड्याला टेकून उभी राहायची.

मग काकांची फुप्फुसं आखडत गेली. नाकात नळी आली, नळीला मशीन, मशीनला भिंतीतला प्लग. उंबरठ्याबाहेरचं जग संपलं. दोन पावसाळे त्यांनी पाणी आल्याचं नुसतं ऐकलं. हातात नेता येणारं छोटं मशीन मावशीनं आणून बघितलं, पण काकांना लागतो तेवढा प्राणवायू ते देऊ शकत नव्हतं. "मग हेच मशीन गाडीत बसवायचं," ती म्हणाली. गाडी चालवायला ती त्याच सुमारास शिकली, साठी उलटल्यावर.

गेल्या वर्षी संक्रांतीला मी गेले तेव्हा अंगणात जीपचं बॉनेट उघडं होतं आणि मावशी साडीचा पदर खोचून सेल्वम मेकॅनिकबरोबर वाद घालत होती. सेल्वमचं म्हणणं, आहे त्याच बॅटरीवरून तार ओढू. "आणि ती उतरली तर?" मावशी म्हणाली. "वाटेत इंजिन बंद पडलं तर गाडी सुरू कशानं करायची? धक्का कोण मारणार, हे?" म्हणून दुसरी बॅटरी. सीलबंद, वाफा न सोडणारी, मागच्या सीटखाली लोखंडी चौकटीत बोल्टनं आवळलेली, आणि तिला मशीनच्या प्लगसाठी इन्व्हर्टर. इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज व्हायच्या. बंद झालं की मधला रिले नावाचा स्विच दोघींना एकमेकींपासून तोडायचा, म्हणजे मशीननं दुसरी कितीही ओढली तरी पहिली शाबूत. जाड तार पत्र्यातून जाते तिथं तिनं रबराचं कडं बसवून घेतलं, बॅटरीलगत फ्यूज लावला, आणि गाडी चालवून आल्यावर तार तापली का ते स्वतः हात लावून पाहिलं. बॅटऱ्या चार्ज करणारा जुना अल्टरनेटर पुरेना, तोही बदलला.

चाचणीसाठी काकांना तेवढ्यापुरता सिलिंडर लावून ती स्वतःच मागे बसली, नळी स्वतःच्या नाकात घालून. सेल्वमनं तिला तिरुनागेश्वरमपर्यंत फिरवून आणलं. ती परत येण्याआधी बातमी गल्लीत पोचली होती, टीचरम्मा सीरियस आहेत म्हणून! शेजारणी काकांना धीर द्यायला आल्या. मावशी हसत उतरली. काका मात्र पांढरेफटक पडले होते.

"हेच," ते तिला म्हणाले. "हेच माझं होईल. ज्या कालव्यावर माणसं मला सलाम करीत, तिथं मी नाकात नळी घालून मिरवू? मज नको."

"मिरवू नका. गाडीत बसा नुसतं. पडदे लावते."

"नको म्हटलं ना, अंबू."

तिनं पुन्हा विषय काढला नाही. आठवड्यातून एकदा जीप सुरू करून थोडी फिरवायची, बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून. फोनवर मी विचारलं की म्हणायची, "गाडी तयार आहे. ते व्हायचेत."

ते तयार झाले यंदा, धरणाचं पाणी सुटल्याचं कळल्यावर. सकाळच्या कॉफीला काका अचानक म्हणाले, "उद्या जाऊ या." मावशी लगेच कामाला लागली. गाडी धुवून घेतली, त्यांचं वेष्टीचं धोतर इस्त्रीला दिलं, दह्याला विरजण लावलं. दुपारी जेवून जरा आडवी झाली. चार वाजता काकांनी कॉफीसाठी हाक मारली... झोपेतच हृदय थांबलं होतं.

दिवसवार आटोपले, पाहुणे पांगले. एके सकाळी काका मला म्हणाले, "सेल्वमला बोलव. गाडी काढायची." सेल्वम गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी. मागे काकांच्या पायाशी मशीन घरघरत होतं, आणि पडदे त्यांनी लावू दिले नाहीत. दारांपाशी पोचलो तेव्हा कालवा काठोकाठ भरून वाहत होता, पण गाडी थांबते तिथून तो दिसत नाही, मध्ये बांधाचा उंचवटा येतो. "असू दे," काका म्हणाले. "आवाज येतोय."

सेल्वम उतरून मागे आला. त्यानं सीटखालून नळीचं एक भलं मोठं वेटोळं काढलं आणि काकांच्या नळीला जोडलं. "चला, सार."

"एवढी लांब कशाला?"

"टीचरम्मांनी मापून आणवली," सेल्वम तमिळमध्ये म्हणाला. "मला घेऊन इथं आल्या होत्या. गाडीपासून कठड्यापर्यंत दोरी धरली. म्हणाल्या, हे गाडीत बसून राहणार नाहीत, तोंडानं काहीही म्हणोत."

काका माझा हात धरून बांध चढले. नळी गवतातून मागे येत होती. कालव्यावरची दोन-चार माणसं वळून बघू लागली. काकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. कठड्याशी येऊन बराच वेळ ते श्वास जमवत राहिले.

"आम्ही मागच्याच वर्षी यायला हवं होतं," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी सेल्वमला विचारलं, "दोरी धरली तेव्हा ती इथं उभी होती का रे?"

"इथं नाही सार. जरा पलीकडं."

काका नळी सांभाळत एक पाऊल सरकले, आणि तिथं उभे राहिले.